मेजावरचा पाव

आमच्या सासूबाईंना सगळी गल्ली ‘पाववाली’ म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा मला ते ऐकून राग यायचा. पुढे कळलं की नावानं हाक मारली तर त्या वळूनही बघत नाहीत, पण ‘ओ पाववाली’ म्हटलं की भट्टीपासून दारापर्यंत हात पुसत येतात. आता मीही बाहेर कुणी विचारलं तर पाववालीची सून म्हणूनच ओळख सांगते. कामं पटकन होतात.

घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत भट्टी. मधल्या भिंतीला एक चौकोनी खिडकी, तिच्यातून गरम पाव पुढे सरकवायचे. मागच्या खोलीत एक भलीमोठी लाकडी काथवट आहे, सासूबाईंच्या आईच्या वेळची. पीठ तिच्यातच मळायचं. आई होती तेव्हा ती, सासूबाई आणि त्यांची धाकटी बहीण, अशा तिघी एकाच काथवटीवर राबायच्या. तिघींचे सहा हात, त्यात कुणी काय घातलं आणि काय राहिलं याचा पत्ता लागायचा नाही. म्हणून आईनं एक नियम घालून दिला होता. पीठ एकदा मळून, जरा विसावलं की मगच मीठ घालायचं, आणि घालणारीनं मोठ्यांदा ओरडायचं, ‘मीठ घातलं!’ बाकीच्या दोघी कुठेही असोत, न्हाणीघरात असोत, दारात गिऱ्हाइकाशी बोलत असोत, त्यांनी ओरडायचं, ‘ऐकलं!’ उत्तर आल्याशिवाय पीठ पुढे जायचं नाही. मीठ नेहमी आईच घालायची. लेकींनी फक्त ऐकायचं. माझा नवरा सांगतो, लहानपणी तो या आरोळ्यांनीच जागा व्हायचा.

मी आले तेव्हा त्या आरोळ्या बंद पडलेल्या होत्या. सासूबाई एकट्याच मळायच्या, एकट्याच मीठ घालायच्या. ओरडून सांगणार कुणाला?

दर रविवारी आमच्या चर्चच्या मेजावर जो पाव असतो, तो सासूबाई भाजतात. एकच मोठा, गोल, वरून तांबूस. पाळकसाहेब प्रार्थना करून तो सगळ्यांसमोर मोडतात. निम्मा खिडकीकडच्या बाकांना, निम्मा दाराकडच्या. ताटली हातोहात फिरते, ज्यानं त्यानं आपला तुकडा मोडून खायचा आणि ताटली शेजाऱ्याकडे द्यायची. मंडळी मोठी नाही, एका पावात सगळ्यांचं भागतं.

लग्नानंतर पहिल्यांदा चर्चला गेले तेव्हा मी सासूबाईंच्या शेजारी बसले. ताटली आली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, पावाकडे नीट बघितलं, भाजणी कशी आलीय ते पाहावं तसं, आणि न मोडता माझ्याकडे सरकवली. मला वाटलं, विसरल्या. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. ज्या बाईनं पाव भाजला तीच खात नाही! मी नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘तू त्यात पडू नकोस.’ मला कुणी असं सांगितलं की मी हमखास त्यात पडते.

तर भांडण होतं. ते माझ्या आधीच या घरात राहायला आलं होतं. सासूबाईंची आई शेवटी फार आजारी होती. घास गिळता येत नव्हता. सासूबाई पावाचा मऊ गाभा दुधात भिजवून चमच्यानं भरवायच्या, त्यातला निम्मा ओठांवरून परत यायचा. पुन्हा भरवायच्या. धाकटी बहीण, म्हणजे आमच्या ह्यांची मावशी, लग्नानंतर दूर राहायची. शिवणकाम करून घर चालवायची, नवरा अंथरुणाला खिळलेला. तिचं येणं व्हायचं नाही. आई गेली तेव्हा मावशी आल्या, चादरीखाली उरलेला तो एवढासा देह त्यांनी पाहिला, आणि स्वयंपाकघरात सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘आईला उपाशी मारलंस गं ताई.’

अख्ख्या गल्लीच्या तोंडी घास घालणाऱ्या बाईला हे वाक्य! सासूबाई त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पुढे नवरा गेल्यावर मावशी याच भागात राहायला आल्या, याच चर्चमध्ये येऊ लागल्या, तरी अबोला होता तिथेच. मावशी दाराकडच्या बाकावर, सासूबाई खिडकीकडच्या. भजन तेच, सूर दोन दिशांना.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे तो पाव मोडण्याच्या, आधी आमच्याकडे सगळे उठून एकमेकांचे हात हातात घेतात आणि ‘शांती असो’ म्हणतात. त्या वेळी सासूबाईंना नेमकी खिडक्यांची आठवण व्हायची. उघड्या असल्या तर लावायच्या, लावलेल्या असल्या तर उघडायच्या. सगळ्यांचे हात धरून होईपर्यंत त्या कडी-कोयंड्याशी खेळत बसायच्या. आमच्याइतकं हवेशीर चर्च दुसरं नसेल.

एकदा पाळकसाहेबांनी त्यांना दुकानातच गाठलं. तरुण माणूस, नवीनच आलेला. म्हणाला, ‘आजी, पाव तुम्ही भाजता, मग खात का नाही?’

‘मनात अढी ठेवून त्या मेजाला हात लावायचा नसतो,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आधी जाऊन समेट करायचा. तुम्हीच शिकवता ना?’

‘मग जा की!’

‘राग गेला की जाईन. खोटंखोटं हसून तिचा हात धरायला मी काय नाटकात काम करते?’

साहेबांनी पाव घेतला आणि ते निघाले. मला मनातून सासूबाईंचं म्हणणं पटलं, फक्त मी ते कबूल केलं नाही. खोटेपणा त्यांना जमतच नाही. शिळा पाव ताजा म्हणून विकलेला मी कधी पाहिला नाही, आणि आजारी शेजारणीच्या खिडकीत पाव ठेवून गुपचूप परत येताना मात्र रोज पाहिलं आहे. राग नाकाच्या शेंड्यावर, पण हात सदा दुसऱ्यासाठी पुढे.

त्यांची प्रार्थना पीठ मळताना चालायची, मोठ्यानं, अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तशी. ‘प्रभू, शिंप्याच्या पोरीला नोकरी लागू दे. प्रभू, समोरच्या म्हाताऱ्याचा खोकला. प्रभू, माझ्या सुनेच्या जिभेला जरा आवर.’ मी पलीकडच्या खोलीत असते हे माहीत असून! सगळी गल्ली आणि सगळी मंडळी संपली की त्या थांबायच्या. मग काही न बोलता पीठ नुसतं आपटल्याचा आवाज यायचा, दण् दण् दण्. मला कळायचं, आता बहिणीपाशी आल्या.

हे सुरुवातीचं. पुढे काही वर्षांनी माझ्या लक्षात आलं की आपटणं कमी झालंय. मग एका सकाळी त्या म्हणाल्या, ‘आणि प्रभू, ती... तुला ठाऊक आहे कोण.’ मी भिंतीला कान लावून उभी. पुढे कधीतरी, ‘तिचे गुडघे दुखतात म्हणे. बघ जरा.’ पण नाव काही जिभेवर येत नव्हतं. माझ्यासारखी असती तर एवढंही झालं नसतं, हे मान्य करायलाच हवं. मी एकदा तोंड फिरवलं की फिरवलं.

खरी गोष्ट मला कळली ती भट्टीची राख काढताना. राखेची पाटी माझ्या हातात देत त्या अचानक म्हणाल्या, ‘वर गेल्यावर विचारतील, पाववाली, सगळ्यांसाठी भाजलास, तुझा तुकडा कुठाय? काय सांगू गं मी?’ त्यांचे डोळे भरले होते. मी पाटी घेऊन बाहेर गेले. या बाईला तिच्याच हातचा तुकडा मिळायला हवा, एवढं एकच मला त्यानंतर वाटत राहिलं, आणि ते माझ्या हातात नव्हतं.

मग त्या भट्टीच्या पायरीवरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये. दुकानाला कुलूप लागलं. ते ठीक होतं, पण रविवारचा पाव? माझा हात लागला की पीठ रुसतं, हे जगजाहीर आहे. ह्यांना भट्टी तेवढी पेटवता येते, मळणं माझ्याहून वाईट. पाळकसाहेब म्हणाले, ‘एवढ्या वेळी दुकानातून आणू.’ सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चहाही न घेता गेले.

शनिवारी दुपारी मागच्या दारात मावशी उभ्या. हातात पिशवी, पिशवीत स्वतःचा एप्रन. माझं तर धाबंच दणाणलं. सासूबाई स्टुलावर बसलेल्या, मावशी उंबऱ्यात, मध्ये मी.

‘तुझ्या सासूला सांग,’ मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘पीठ मळायला आलेय. चर्चसाठी. तिच्यासाठी नाही.’

मी सासूबाईंकडे वळले. ‘आई, मावशी म्हणतात...’

‘मी बहिरी नाही. तिला सांग, पीठ डाव्या डब्यात आहे.’

‘तिला सांग, मला दिसतंय.’

‘तिला सांग, पाणी कोमट घे.’

‘तिला सांग, पाण्याचं मला ती शिकवणार का?’

असं ते चाललं. मी पोस्टमन झाले होते, आणि दोन्ही पत्ते एकाच खोलीत. पण मावशींच्या बाह्या वर गेल्या, हात काथवटीत उतरले, आणि सासूबाई स्टुलावर जराशा पुढे सरकल्या. त्या हातांकडे त्या कशा बघत होत्या! पीठ दुमडायची, मनगटानं रेटायची, वळवायची तीच पद्धत, आईचीच. पीठ मळून झालं, त्याच्यावर ओलं फडकं पडलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. मी औषधांच्या दुकानात काम करते. तिथली दुसरी मुलगी ताप येऊन घरी गेली होती आणि काउंटरवर कुणीच नव्हतं. मला जावं लागलं. एकमेकींचा जीव घेऊ नका, एवढं सांगून मी निघाले.

पुढचं दोघींच्या तोंडून नंतर कळलं. पीठ विसावलं. सासूबाई उठून आत औषधाची गोळी घ्यायला गेल्या. मावशींनी फडकं उचललं, बरणीतून मीठ घेतलं, घातलं, मळलं. आरोळी त्यांच्या ओठांपर्यंत आली होती म्हणे. पण अबोल्यात ओरडणार कशा? निरोप न्यायला मीही नव्हते. फडकं पुन्हा घालून त्या अंगणात हातपाय धुवायला गेल्या. सासूबाई बाहेर आल्या. त्यांच्या मनात आलं, मीठ आपणच घालायचं. आई गेल्यापासून मीठ आपल्याकडे. छोटीला (धाकट्या बहिणीला त्या छोटीच म्हणतात) काय ठाऊक मिठाचं? त्यांनी डाव्या हातानं मीठ घातलं आणि डाव्या हातानंच जमेल तसं पीठ दुमडलं. ओरडावंसं त्यांनाही वाटलं. त्याही गप्प बसल्या. आईची जागा दोघींनी आपापल्या मनानं घेतली होती, आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

नंतर दुप्पट मिठामुळे पीठ फुगायला फार वेळ लावू लागलं. सासूबाई मनात म्हणाल्या, हिचा हात विसरला. मावशी मनात म्हणाल्या, हिचं पीठ जुनं. तोंडातून अवाक्षर नाही. मी परतले तेव्हा पाव भट्टीतून निघालेला, नेहमीसारखाच गोल आणि तांबूस, आणि दोघींची दोन दिशांना तोंडं. जीव भांड्यात पडला. निदान रक्तपात झाला नव्हता.

रविवारी ‘शांती असो’च्या वेळी सासूबाई उठल्या. प्लास्टरमुळे खिडकीची कडी काही निघेना, तरी त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, पाव मोडला, पहिला तुकडा तोंडात घातला. चावता चावता ते थांबले. डोळे जरा मोठे झाले. मग द्राक्षरसाच्या प्याल्याकडे हात एरवीपेक्षा फार लवकर गेला.

ताटल्या निघाल्या. पहिल्या बाकावरच्या शिक्षकांनी तुकडा खाल्ला आणि खोकले. त्यांच्या बायकोनं रुमाल तोंडाला लावला. एक छोटी मुलगी ‘ईऽऽ’ म्हणाली आणि तिच्या आईनं तिला चिमटा काढला. पवित्र गोष्ट, कुणी काही बोलेना, सगळे माना खाली घालून गिळत होते. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. इतक्या वर्षांत त्यांच्या पावाला कुणी तोंड वाकडं केलं नव्हतं. ‘हिनं मुद्दाम केलं,’ त्या माझ्या कानात म्हणाल्या. ताटली आमच्या बाकावर आली. त्यांनी ती धरली. आता सरकवतील म्हणून मी हात पुढे केला.

तेवढ्यात दाराकडच्या बाकावरून मावशी उठल्या. गुडघे धरत, हातात आपला मोडलेला तुकडा घेऊन, भर उपासनेत मधली वाट ओलांडून आल्या आणि सासूबाईंच्या समोर उभ्या राहिल्या.

‘ताई,’ त्या म्हणाल्या, ‘तू मीठ घातलंस?’

सगळं चर्च कान टवकारून बसलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान दुसरीकडे वळवली. पोस्ट बंद.

‘मग घालणार नाही?’ सासूबाई शेवटी म्हणाल्या. त्यांच्याच तोंडून, थेट तिला. ‘तू घातलं नव्हतंस ना!’

‘घातलं होतं की!’

‘मग ओरडायचं नाही?’

‘तू तरी कुठे ओरडलीस?’

मग सासूबाईंमधली पाववाली जागी झाली. ‘एवढं खारट झालंय?’ म्हणत त्यांनी डाव्या हातानं ताटलीतला तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. चावला. चेहरा आवळला, डोळे मिटले, आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या. ‘अगं बाई गं! हे काय गं छोटी! हे माणसांनी खायचंय!’ मावशीही हसायला लागल्या, मग पाळकसाहेबांना राहवेना, मग सगळी मंडळी. इतका वेळ दाबून धरलेलं बाहेर पडलं.

हसता हसता मावशींचं रडं कधी सुरू झालं ते कळलं नाही. त्या तिथेच सासूबाईंच्या बाकावर टेकल्या. ‘ताई, तू आईला उपाशी नव्हतं ठेवलंस. मला तेव्हाही ठाऊक होतं. मला तिला एक घास भरवायला मिळाला नाही गं. त्याचाच राग, तो मी तुझ्यावर काढला.’

सासूबाईंनी प्लास्टरचा हात तिच्या पाठीवर ठेवला. तो जड हात पाठीवर धपकन पडला, तरी मावशी हलल्या नाहीत. ‘तिच्या घशाखाली उतरत नव्हतं गं,’ सासूबाई म्हणाल्या. ‘रोज वाटायचं, छोटी आली असती तर तिच्या हातून खाल्लं असतं का. म्हणून तर ते इतकं लागलं मला.’

आता अख्ख्या चर्चमध्ये नाकं ओढल्याचे आवाज. पाळकसाहेब हळूच म्हणाले, ‘कुणीतरी पाणी आणता का? सगळ्यांसाठीच.’

आणि मग सासूबाई दचकल्या. रिकाम्या हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘अगं,’ त्या म्हणाल्या, ‘मी खाल्लं!’ चूक करताना पकडल्यासारखा चेहरा. ‘साहेब, मी खाल्लं हो! आधी समेट करायचा होता. राग सगळा गेलाय की नाही तेही मी बघितलं नाही!’

‘आजी,’ साहेब म्हणाले, ‘तुम्ही खाल्लंत, एवढं मी बघितलं. बाकीचं ज्याचं मेज आहे तो बघेल.’

त्या दिवशी घरी येताना मला किती हलकं वाटत होतं ते सांगता यायचं नाही. दोघी पुढे चाललेल्या, एकीचे गुडघे दुखतात, एकीचा हात मोडलेला, आणि खारट कुणामुळे झालं यावर तावातावानं वाद. मी मागून चालत देवाचे आभार मानत होते. एरवी मी आभार मानायला कंटाळा करते.

राग सगळा गेलाय असं सासूबाई आजही म्हणत नाहीत. ‘आहे थोडा,’ म्हणतात. ‘राग जाईल, माया वाटेल, मग तिच्याकडे जाईन, असं म्हणत मी बसून राहिले. पीठ न मळताच फुगायची वाट बघत होते मी. प्रभूला माझी दया आली आणि त्यानं मला खारट घास भरवला.’ प्रार्थनेत मात्र आता नाव येतं. शिंप्याची पोर, म्हातारा, माझी जीभ, आणि शेवटी, ‘प्रभू, माझी छोटी.’ पुढे काहीच मागत नाहीत. नुसतं नाव सांगतात.

हात बरा झाला तरी मावशी दर शनिवारी येतात. मिठाची पाळी आळीपाळीनं. आरोळीनं भिंती हलतात, कारण मावशींना अलीकडे कमी ऐकू येतं. एकदा मी मदत म्हणून पुढच्या खोलीतून ‘ऐकलं!’ असं ओरडले, तर सासूबाईंनी खिडकीतून डोकं काढून मला झापलं, ‘तू नव्हे. तिनं म्हणायचंय.’

गेल्या शनिवारी मावशींना उशीर झाला. पीठ विसावलं, सासूबाईंनी वेळ बघितली, सवयीनं मीठ घातलं आणि ओरडल्या, ‘मीठ घातलं!’ उत्तर नाही. खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. पुन्हा ओरडल्या. मग पिठाचे हात तसेच वर धरून दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, ‘आई, मळून घ्या ना, कशाला थांबायचं?’ त्यांनी मान हलवली. काथवटीत पीठ तसंच, मिठाचे खडे वर दिसत होते. रस्त्याच्या वळणावर मावशी दिसल्या, पिशवी सांभाळत, धापा टाकत. सासूबाईंनी तिसऱ्यांदा आरोळी दिली, सगळी गल्ली खिडकीत आली.

‘ऐकलं गं, ऐकलं!’ मावशी तिकडूनच ओरडल्या. ‘हात घाल पिठात!’

मग सासूबाई आत वळल्या आणि मळायला लागल्या.